मोहिल्यांनी प्रोसेसर जागा केला

उषाताई मोहिल्यांचा संगणक अगदी व्यवस्थित चालत होता, तेव्हाच जयवंतरावांनी तो दुरुस्त करायला घेतला.

तो हळू उघडतो, एवढीच जयवंतरावांची तक्रार होती. उषाताईंची तीही नव्हती. त्या सकाळी बटण दाबायच्या, कुकर लावायच्या, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालून यायच्या, तोवर संगणक उघडून त्यांची वाट बघत बसलेला असायचा. पण जयवंतराव नरोली रस्त्यावरच्या एका धाग्याच्या कारखान्यात मेन्टेनन्स मॅनेजर होते. तिथे एखादं यंत्र जरा रेंगाळलं की जेवणाच्या ताटावरून त्यांना बोलावणं यायचं. घरातलं एक यंत्र मात्र रोज सकाळी आपल्या डोळ्यांदेखत आळोखेपिळोखे देत उठतं आणि तेवढ्यात आपली बायको कुंड्यांना पाणी घालून येते, हे त्यांच्या मनाला फार लागायचं. बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील, असंही त्यांना वाटायचं. वास्तविक बाहेर कुणाला काही पडलेली नव्हती.

उषाताई पूर्वी सिल्वासातच शाळेत शिकवायच्या. मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर त्यांनी पुण्याच्या एका संस्थेसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्यासाठी डोकमर्डीतल्या त्यांच्या फ्लॅटची स्टोअररूम रिकामी झाली. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या राहिल्या, मध्ये टेबल आलं, टेबलावर माइक आला आणि टेबलाखाली तो काळा डबा, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात. आतापर्यंत त्यांनी बालकथा वाचल्या होत्या, एक पाककृतींचं पुस्तक वाचलं होतं. आता संस्थेला एक जाडजूड कादंबरी वाचून हवी होती. संपादक अमृता केळुसकर यांनी कळवलं होतं की येत्या शुक्रवारी दुपारी ऑनलाइन बसू, समोर वाचून दाखवा. आणखी दोन जणी होत्या. त्यांतल्या एकीने म्हणे रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या.

उषाताईंनी हे जेवताना सांगितलं. सांगता सांगता त्यांनी जयवंतरावांच्या वाटीत दोनदा आमटी वाढली. एरवी मागितल्याशिवाय एकदाही मिळत नसे, त्यावरून प्रकरण मोठं आहे हे जयवंतरावांनी ओळखलं.

"मग आता मशीनही त्या तोलाचं नको?" ते म्हणाले.

"वाचायचंय मला. मशीनला नाही वाचायचं," उषाताई म्हणाल्या.

जयवंतरावांनी हा होकार समजला.

रविवारी उषाताई किलवणीला एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला गेल्या. जयवंतरावांचा गुडघा सकाळपासून दुखत होता, तो रिक्षा कोपऱ्यावर वळताच दुखायचा राहिला. त्यांनी आदल्या दिवशी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून ठेवला होता. त्यात कानांवर भलेमोठे हेडफोन चढवलेले एक गृहस्थ बोट रोखून सांगत होते की, तुमचा प्रोसेसर झोपलेला आहे. त्याला झोपवून ठेवलं आहे. त्याला जागा करा. जयवंतरावांना हे मनापासून पटलं. त्यांच्या कारखान्यातल्या निम्म्या अडचणींचं कारण तेच होतं.

संगणक सुरू होताना, विंडोज उघडायच्या आधी, एक कळ सारखी दाबत राहिलं की बायॉस नावाचा एक पडदा उघडतो. प्रोसेसरने किती वेगाने पळायचं आणि त्यासाठी किती वीज खायची, हे तिथे ठरतं. जयवंतरावांनी पाहिलं तर जिथे तिथे 'ऑटो' लिहिलेलं. ऑटो म्हणजे ज्याचं त्याने बघावं. इतक्या वर्षांच्या नोकरीत जयवंतरावांनी ज्याचं त्याला काहीही बघू दिलं नव्हतं. त्यांनी वेगाचा आकडा वाढवला. विजेची मर्यादा वाढवली. एका ठिकाणी मर्यादा काढूनच टाकायची सोय होती, ती काढली. एक-दोन गोष्टी कशाच्या आहेत ते कळलं नाही, पण त्या वाढत होत्या, म्हणून त्याही वाढवल्या. त्याच पडद्याच्या कोपऱ्यात 'मूळ सेटिंग परत आणा' अशा अर्थाची एक ओळ होती. तिच्याकडे त्यांनी पोहता येणारा माणूस हवेच्या ट्यूबकडे बघतो तसं बघितलं.

मग ड्रायव्हर. संगणकाच्या पोटातले सगळे भाग, म्हणजे पडदा, आवाज, माइक वगैरे, विंडोजशी ज्यांच्यामार्फत बोलतात त्या छोट्या प्रोग्रामना ड्रायव्हर म्हणतात. गृहस्थांनी एक फुकटचा प्रोग्राम सुचवला होता. तो उतरवून घेताच त्याने संगणकभर फिरून जाहीर केलं की, तुमचे बहुतेक सगळे ड्रायव्हर जुने आहेत, परिस्थिती गंभीर आहे. प्रत्येकापुढे लाल खूण. जयवंतरावांनी 'सगळे बदला' दाबलं आणि खुर्चीत मागे रेलून हातांची घडी घातली.

उषाताई लग्नाहून आल्या आणि त्यांनी सवयीने बटण दाबून स्वयंपाकघराकडे तोंड वळवलं, तोच मागे संगणक उघडल्याची धून वाजली.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "मी अजून पदरसुद्धा खोचला नाही!"

हे वाक्य जयवंतरावांनी त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये तीन निरनिराळ्या माणसांना ऐकवलं.

सोमवारी सकाळी उषाताई सरावाला बसल्या. कादंबरीतली नायिका माहेर सोडून निघते ते प्रकरण होतं. त्या रंगात आल्या होत्या, आवाज किंचित भरून आला होता, आणि नायिका उंबरठ्यावर पाऊल ठेवणार तोच पडदा निळा झाला. पूर्ण निळा. त्यावर दोन ठिपक्यांचा आणि एका कंसाचा रडवेला चेहरा, आणि खाली इंग्रजीत, तुमच्या संगणकाला अडचण आली आहे, तो पुन्हा सुरू होईल. तो पुन्हा सुरू झाला. प्रकरण गेलं होतं.

"अहो," उषाताईंनी हाक मारली. "तुम्ही याला काही केलंत का?"

"मी? नाही."

पुढे कधी विचार करताना जयवंतरावांना हे उत्तर पूर्णपणे खोटं वाटत नसे. त्यांनी संगणकाला वेग दिला होता. वेग देणं वेगळं, 'काही करणं' वेगळं. 'काही करणं' यात बिघाड गृहीत आहे, आणि बिघाड त्यांनी केलेला नव्हता. तो झाला होता.

दुपारपर्यंत तो चेहरा आणखी चार वेळा येऊन गेला. उषाताईंनी त्याचं नाव 'भावजी' ठेवलं, कारण तो न बोलावता यायचा आणि आला की सगळं काम थांबायचं.

संध्याकाळी जयवंतरावांनी वरच्या मजल्यावरच्या प्रमोद वाणींना बोलावलं. खरं तर वाणी आपणहून आले, पण जयवंतराव तसं म्हणत. वाणी जळगावचे. प्लास्टिकच्या कंपनीत क्वालिटीला होते आणि कुठल्याही वस्तूला आधी हात लावून बघायची त्यांना सवय होती. त्यांनी डब्याला तळहात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"गरम होऊन राहिलं ना भाऊ हे! यावर पापड भाजता येतील."

"मग?"

"मग काय, पेस्ट वाळली आतली. प्रोसेसर आन् त्याचा पंखा, यांच्या मधात एक पेस्ट असते. ती वाळली की संपलं."

वाणींच्या घरी त्या पेस्टची ट्यूब होती. ती का होती हे त्यांनी सांगितलं नाही. दोघांनी डबा जेवणाच्या टेबलावर आडवा घेतला, झाकण काढलं, पंखा सोडवला, जुनी पेस्ट पुसली. नवी पेस्ट वाटाण्याएवढी लावावी, असं ट्यूबवर लिहिलं होतं. वाटाणा कुठला, ओला की सुका, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी वाणी म्हणाले की, कमी पडण्यापेक्षा जास्त बरी. त्यांनी मग लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढावं तशी पेस्ट वाढली. पंखा दाबून बसवल्यावर ती चहूबाजूंनी बाहेर आली आणि बराच वेळ दोघं कानकोरण्याने ती टिपत बसले. झाकण परत लावलं नाही. त्याऐवजी समोर टेबलफॅन लावला.

डबा खरोखरच थंड झाला. उषाताईंनी पाच-सहा पानं वाचली, आणि ऐकायला लावली.

"काय येतंय ते ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "ती माहेराहून बैलगाडीतून निघालीय. हेलिकॉप्टरमधून नाही."

टेबलफॅन बंद केला, तर भावजी आले. चालू ठेवला, तर हेलिकॉप्टर आणि थोड्या वेळाने तरीही भावजी.

मंगळवारी ठाकोरभाई आले. ठाकोरभाई तळमजल्यावर राहायचे. वापी आणि सिल्वासाच्या मध्ये त्यांचे टेम्पो चालत. मोहिल्यांच्या घरी त्यांना कुणी अडचण सांगितली नव्हती, पण जिन्यात वाणी भेटले होते, आणि वाणी भेटल्यावर सांगायचं काही उरत नसे.

"मोहिलेसाहेब, ड्रायव्हरचा लफडा आहे म्हणे?" त्यांनी सोफ्यावर बसता बसता विचारलं.

"हो, म्हणजे, तोही असू शकतो."

"नवा ठेवला काय?"

"सगळेच नवे ठेवले," जयवंतराव खालच्या आवाजात म्हणाले, कारण उषाताई आत होत्या.

"अरे साहेब!" ठाकोरभाईंनी कपाळाला हात लावला. "आ शुं कर्युं! सगळे एकसाथ बदलते काय कोणी? जुना ड्रायव्हर शिव्या देईल, उशिरा येईल, पण त्याला रस्ता माहीत असते, खड्डा माहीत असते. नवा लायसन्स दाखवते आणि गाडी ठोकते. जुन्याला परत बोलवा. हातापाया पडून बोलवा."

जयवंतरावांनी त्यांना समजावून सांगितलं की, हे ड्रायव्हर वेगळे, हे माणसं नसतात, ही संगणकाची आतली भाषा असते. ठाकोरभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक. पण परत बोलवा." मग त्यांनी विषय बदलला आणि खरा दोष व्होल्टेजचा आहे असं सांगितलं. आजूबाजूला इतके कारखाने. ते वीज ओढणार, सोडणार, बिचाऱ्या घरगुती संगणकाने काय करायचं? त्यांच्या गोडाउनमध्ये एक स्टॅबिलायझर पडून होता. तो टेम्पोतून आला. तो वर चढवायला टेम्पोबरोबर आलेली दोन माणसं लागली, आणि स्टोअररूममध्ये तो बसल्यावर उषाताईंना आत शिरताना पोट आत घ्यावं लागायला लागलं. त्याचा एक गंभीर घुमणारा आवाज यायचा, एखाद्या मंदिरात दूरवर कुणीतरी ओंकार धरावा तसा. समोरच्या मालतीबाई वैद्य तो आवाज ऐकून आत आल्या, डबा दक्षिणेकडे तोंड करून आहे हे त्यांनी निदर्शनाला आणलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच तो फिरवून गेल्या. त्यात माइकची वायर निघाली. ती निघाली आहे हे संध्याकाळी कळलं.

तोपर्यंत जयवंतरावांचं कारखान्यात लक्ष लागेनासं झालं होतं. तिथे एक भलंमोठं यंत्र बंद पडलं, तर ते अर्ध्या तासात चालू करून दिलं, आणि सगळे 'वा साहेब' म्हणाले, तरी त्यांना आनंद झाला नाही. आपण घरी टेबलाखालच्या एका डब्यापुढे हरलो आहोत ही गोष्ट त्यांना कुणालाच सांगता येत नव्हती. आणि रविवारी आपण काय केलं ते तर त्याहून सांगता येत नव्हतं.

शेवटी त्यांनी प्रोसेसरच्या वॉरंटीचा कागद काढला. त्यासाठी वेबसाइटवर तक्रार नोंदवायची होती. नाव, पत्ता, पिनकोड हे सगळं सुरळीत झालं. पिनकोड टाकताच वेबसाइटने स्वतःच राज्य लिहिलं: गुजरात. जयवंतरावांनी ते खोडून दादरा आणि नगर हवेली निवडलं. वेबसाइट म्हणाली, पिनकोड चुकीचा. पिनकोड पुन्हा टाकला. वेबसाइट म्हणाली, गुजरात. जयवंतरावांनी ठरवलं असतं तर गुजरात म्हणून मोकळे झाले असते. पण ज्या प्रदेशात माणसाने उमेदीची सगळी वर्षं काढली तो असा एका वेबसाइटला देऊन टाकणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी फोन लावला.

"सर, सिल्वासा कौन से स्टेट में आता है?" पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं.

"स्टेट में नहीं आता. केंद्रशासित है."

"तो सर, स्टेट में क्या लिखूँ?"

"मॅडम, यूनियन टेरिटरी. दादरा नगर हवेली."

"सर, वो अब अकेला नहीं है. दमण और दीव के साथ है. मैं सिलेक्ट कर दूँ?"

जयवंतरावांना वाटलं, अखेर एक जाणकार माणूस भेटलं. त्यांनी आनंदाने हो म्हटलं.

बुधवारी दुपारी इंजिनिअरचा फोन आला. आवाज अत्यंत अदबशीर होता.

"मोहिलेसाहेब, आपका केस मेरे पास आया है. कल सुबह मशीन लेके आ जाओ. जेट्टी के पास ही हमारी दुकान है."

"जेट्टी?" जयवंतराव म्हणाले. "कौन सी जेट्टी? आप दमण में हो?"

"नहीं साहेब, दीव में."

जयवंतरावांच्या डोळ्यांपुढे नकाशा उभा राहिला. मध्ये अख्खं खंभातचं आखात होतं. ते ओलांडायला पूल नव्हता. वर सुरत, भरूच करत पार वळसा घालून सौराष्ट्राच्या टोकाला जायचं, मांडीवर सीपीयू घेऊन.

"वो तो बहुत दूर है."

"लेकिन साहेब, अपना प्रदेश एक ही है ना," इंजिनिअर आपुलकीने म्हणाला. कागदोपत्री ते खरं होतं. मग त्याने फोनवरच तपासणी सुरू केली. निळा पडदा येतो का, कधी येतो, डबा तापतो का. आणि मग सरळ विचारलं, "साहेब, बायॉस में कुछ छेड़ा तो नहीं ना? स्पीड वगैरे? सच बताना."

स्टोअररूमच्या दारात उषाताई उभ्या होत्या. फोन स्पीकरवर होता.

"नहीं," जयवंतराव म्हणाले. "कुछ नहीं छेड़ा."

"फिर तो प्रोसेसर ही गया साहेब. बदलना पड़ेगा. पुराना भेजो, नया आएगा. टाइम लगेगा."

फोन बंद झाला. उषाताईंनी आत जाऊन माइकवर जुनी ओढणी टाकली, पिंजऱ्यावर टाकतात तशी.

"मी अमृताला कळवून टाकते," त्या म्हणाल्या. "नाही जमणार म्हणून."

"अगं, पण पुढची तारीख माग."

"विचारलं मी सकाळीच. दुसरी बाई तयार आहे, त्यांना थांबता येणार नाही. जाऊ दे. पाककृतीचं एक पुस्तक आहे म्हणाली नंतर."

यात रडणं नव्हतं, राग नव्हता. त्यांचा आवाज शाळेत घंटा झाल्यावर 'चला, वह्या मिटा' म्हणणाऱ्या बाईंसारखा होता. जयवंतरावांना रागाची सवय होती. रागाला ते उत्तर देऊ शकले असते. उषाताई मोबाइल हातात घेऊन चष्मा शोधायला लागल्या. चष्मा डोक्यावर होता. आता तो सापडला की संदेश जाणार, हे जयवंतरावांना दिसत होतं.

"उषा," ते म्हणाले, "मी जरा वाढवलं होतं."

"काय वाढवलं होतंत?"

"वेग. रविवारी."

"किती?"

"होता तेवढा." मग त्यांनी घसा खाकरला. "आणि ड्रायव्हरही बदललेत. सगळे."

उषाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पेस्ट, टेबलफॅन, स्टॅबिलायझर, दक्षिणेचं उत्तरेला झालेलं तोंड आणि दीव, हे सगळं त्या नजरेत एकामागून एक येऊन गेलं. जयवंतराव पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहिले. ते वाक्य किती लांब असेल याचा त्यांनी मनाशी अंदाजही बांधला होता.

"वाढवलं होतं ना?" उषाताई म्हणाल्या. "मग कमी करा."

इतकं सोपं वाक्य जयवंतरावांना त्या आठवड्यात कुणी ऐकवलं नव्हतं. ते टेबलाशी बसले. संगणक बंद करून चालू केला, ती कळ दाबत राहिले, बायॉस उघडलं. आधी कुठे काय होतं हे त्यांना अर्थातच आठवत नव्हतं. मग त्यांनी मुकाट्याने कोपऱ्यातल्या त्या ओळीवर बोट आणलं. मूळ सेटिंग परत आणा. संगणकाने विचारलं, तुमची खात्री आहे ना? रविवारी एवढी उलथापालथ करताना त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. जयवंतरावांनी हो म्हटलं.

संगणक हळूहळू, आळस देत उघडला. उषाताई वाचायला बसल्या. नायिका उंबरठा ओलांडून गेली, बैलगाडीत बसली, नदी आली. जयवंतराव श्वास रोखून दाराशी उभे होते. नदीच्या मध्यावर पडदा निळा झाला.

"हे काय आता?" उषाताई म्हणाल्या.

सगळं कमी करून झालं होतं. त्याच वेळी बेल वाजली. ठाकोरभाई स्टॅबिलायझर न्यायला आले होते. गोडाउनमध्ये त्यांना तो अचानक लागत होता. माणसांना आत पाठवून ते दाराशीच थांबले आणि चौकशी म्हणून त्यांनी विचारलं, "तो जुना ड्रायव्हरला परत बोलावला काय?"

जयवंतरावांनी, हे ड्रायव्हर वेगळे असतात हे पुन्हा सांगण्यासाठी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

"बोलावतो," ते म्हणाले.

वाणींनाही हाक मारली, कारण आता लपवायचं काही नव्हतं. विंडोजमध्ये संगणकाला मागच्या एखाद्या दिवसावर परत नेण्याची सोय असते, हे वाणींना माहीत होतं. ते त्यांनी आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, "तुम्ही म्हटलं का काही बदललं म्हणून? मले वाटलं पेस्टच." त्या फुकटच्या प्रोग्रामला काढून टाकलं. जाता जाता त्यानेही लाल अक्षरांत बजावलं की, तुम्ही मोठी चूक करत आहात. मग संगणक शनिवारपर्यंत मागे नेला. नवे ड्रायव्हर गेले, जुने आपापल्या जागी येऊन बसले. ठाकोरभाई हे सगळं उभ्याने पाहत होते. शेवटी पडद्यावर 'काम पूर्ण' असं आल्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "आता त्याला चहा पाजा."

गुरुवारी उषाताईंनी दिवसभर वाचलं. भावजी आले नाहीत.

शुक्रवारी दुपारी मोहिल्यांच्या जिन्यात जी शांतता होती, ती त्या इमारतीने बांधल्यापासून अनुभवली नसेल. ठाकोरभाईंनी त्यांच्या टेम्पोवाल्यांना कोपऱ्यापलीकडे हॉर्न न वाजवण्याची तंबी दिली होती. वाणी खालच्या फाटकात उभे राहून कचऱ्याच्या गाडीला परत पाठवत होते. गाडीवरचं गाणं म्हणे फार मोठं होतं. मालतीबाईंनी आपला मिक्सर बंद ठेवला होता आणि तो बंद ठेवला आहे हे त्यांनी सकाळपासून सगळ्यांना सांगितलं होतं.

जयवंतरावांना आत बसायची परवानगी मिळाली, ती हलायचं नाही या अटीवर. ते गादीला पाठ लावून जमिनीवर बसले. सुरुवातीला त्यांचं सगळं लक्ष टेबलाखालच्या डब्याकडे होतं. पंख्याची घरघर किंचित वाढली तरी ते कान टवकारायचे. पडद्यावर अमृता केळुसकर आणि आणखी कुणी दोघं होते. उषाताई वाचत होत्या.

मग केव्हातरी त्यांचं डब्याकडचं लक्ष उडालं. कादंबरीतल्या बाईचं माहेर नदीपल्याड दिसेनासं झालं होतं. गाडीवान तिला विचारत होता की, बाई, थांबवू का गाडी? बाई नको म्हणाली. उषाताईंनी तो 'नको' इतक्या हलक्या आवाजात म्हटला, की जयवंतराव नकळत पुढे झुकले. बदलापूरहून सामान टेम्पोत घालून ते दोघं पहिल्यांदा सिल्वासाला आले, तेव्हा त्यांनी उषाताईंना काही विचारलं होतं की नाही, हे त्यांना आठवेना. ते आठवण्याच्या खटपटीत वाचन संपलं, तेही त्यांना कळलं नाही.

पडद्यावरच्या तिघांनी आपसात काहीतरी पुटपुटून घेतलं. मग अमृता केळुसकर हसत म्हणाल्या, "उषाताई, आम्ही दोन दिवसांनी कळवतो असं म्हणायची पद्धत आहे. पण नाही थांबत. कादंबरी तुम्हीच वाचा."

उषाताईंनी टेबलाखालून हात खाली आणला आणि जयवंतरावांच्या सदऱ्याचं खांद्यावरचं कापड मुठीत धरलं. वर पडद्याकडे बघून त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

"आणि एक विचारायचं होतं," अमृता म्हणाल्या. "सगळं इतकं स्वच्छ आलं. एकदासुद्धा अडकलं नाही. बाकीच्यांचे संगणक ऐन वेळी मध्येच बंद पडतात, आम्ही अगदी वैतागलोय. तुम्ही तुमच्या मशीनला नेमकं काय केलंयत?"

जयवंतराव जमिनीवरून अर्धवट उठले. याचं उत्तर द्यायला या घरात, किंबहुना या केंद्रशासित प्रदेशात, त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता. पण माइक चालू होता. मुठीतल्या कापडाला एक हलका हिसका बसला आणि ते परत खाली बसले.

"काही नाही हो," उषाताई म्हणाल्या. "आमच्याकडे त्याला कुणी हात लावत नाही."

पडदा बंद झाला. माइक बंद झाला. खाली कचऱ्याच्या गाडीचं गाणं सुरू झालं, म्हणजे वाणींनी तिला आत सोडलं होतं.

"कुणी हात लावत नाही?" जयवंतराव म्हणाले.

"आजपासून," उषाताई म्हणाल्या.